थरथरत्या हातातून रक्त घेताना: हात दाबून धरावा की आधार द्यावा?

मदतनीसाने मनगट घट्ट दाबून धरलं की हात थांबेल असं वाटतं. पण पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णाचे स्नायू आधीच ताठ असतात, दाबल्यावर ते आणखी ताठरतात आणि भीतीने कंप वाढतो. सुई हलून शीर फाटते, त्वचेखाली रक्त साकळतं. दाबून धरणं आम्ही शेवटचा उपाय मानतो, तोही रुग्णाला विचारूनच.

आधार देण्यात पाच मिनिटं जास्त जातात, पण ती सार्थकी लागतात. कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण हात उशीवर टेकवा, कोपराखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. इसेन्शियल ट्रेमर या थरथरीच्या वेगळ्या विकारात हात अधांतरी असला की कंप येतो, त्यामुळे एवढ्यानेही बहुधा भागतं. पार्किन्सनमध्ये उलट, विसावलेला हातच थरथरतो. तिथे मऊ चेंडू हलकेच धरायला द्या. मूठ उघडझाप मात्र नको, त्याने तपासणीत पोटॅशियम खोटं जास्त दिसतं.

दोन्ही आजारांत सुई बटरफ्लायच (दोन पंख आणि मागे नळी असलेली बारीक सुई) घ्या: नळी लवचिक असल्याने हात हलला तरी सुईला हिसका बसत नाही. पंख चिकटपट्टीने लगेच पक्के करा. पार्किन्सनमध्ये लेव्होडोपा या त्यावरच्या औषधाचा डोस लागू असतानाची वेळ ठरवली, तर निम्मं काम तिथेच होतं.