फॉरेक्स कार्ड: डॉलर ८७ असताना भरलं, ९० झाल्यावर सुटलं

परदेशातल्या खर्चासाठी परकी चलन आधीच भरून ठेवायचं हे कार्ड कुठल्या बँकेचं ते लिहिणार नाही. शाखा घोडबंदर रोडवर, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. सासूबाईंची पेन्शन तिथेच जमा होते आणि काउंटरवरच्या मंडळींची तोंडं मला यापुढेही बघायची आहेत. शिवाय घेण्याआधी इतर बँकांच्या अटीही वाचल्या होत्या. आकडे थोडे इकडचे तिकडे, बाकी एकाच माळेचे मणी. त्यामुळे नावावाचून तुमचं काही अडणार नाही. कार्ड कसं भरायचं, पिन कसा लावायचा वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

सहल मे २०२५ ची. आम्ही दोघं, सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. मुलीला युरोप हवं होतं. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बाराच्या आतल्या मुलांना ४५. आमच्या पाच जणांची ४०५ युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने छत्तीस हजारांच्या पुढे. आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. युरोप तिथेच संपलं. व्हिएतनामचा ई-व्हिसा माणशी २५ डॉलर, म्हणून तिकडेच जायचं ठरलं. गोखले रोडवरच्या एका टूरवाल्याकडे चौकशी केली, तर पॅकेजवर पाच टक्के जीएसटी आणि वर पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला आयकर. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो हे खरं, पण चार लाखांच्या पॅकेजवर वीस हजार सरकारकडे अडकवून ठेवायचे आणि मग हॉटेल स्वस्तातलं शोधायचं, हे मला पटेना. सगळं स्वतः बुक केलं आणि खर्चासाठी हे कार्ड घेतलं.

फेब्रुवारीत डॉलर ८७ च्या पुढे गेला होता आणि घरीदारी एकच बोलणं, मे येईपर्यंत नव्वद होणार. बँकेचा मेसेजही तसाच: आजचा दर आजच पक्का करा. केला. बाजारात ८७ च्या आसपास असलेला डॉलर मला ८८.४० ला पडला. ९०० डॉलरचे ७९,५६० रुपये, वर १४३ रुपये जीएसटी, कार्डाची फी वेगळी. आणि मग रुपयाने कधी नव्हे ती तब्येत सुधारली. मेच्या सुरुवातीला डॉलर ८४ च्या घरात. तोच डॉलर कार्डावर तेव्हा साडेपंच्याऐंशीच्या आसपास मिळत होता. अडीच हजारांचा फरक, आणि नवऱ्याने तो हिशोब विमानतळापर्यंत ऐकवला. यात कार्डाचा दोष काहीच नाही, पण चिडचिड त्याच्यावरच निघाली.

चांगलं आधी सांगते, कारण ते थोडक्यात संपतं. कार्ड कुठेही नाकारलं गेलं नाही. ग्रॅब या टॅक्सीच्या अॅपला जोडलं, सुरळीत चाललं. पैसे गेल्याचा मेसेज त्याच क्षणी येतो. हरवलं तर अॅपवरून बंद करता येतं, ते करायची वेळ आली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

कार्डावर डॉलर, आणि व्हिएतनाममध्ये चालतो डाँग. कार्ड मल्टी-करन्सी आहे. त्या यादीत डॉलर, युरो, पौंड, दिरहम, सिंगापूरचा डॉलर, बाट वगैरे आहेत. डाँग नाही. मलेशियाचं रिंगिट नाही, इंडोनेशियाचा रुपिया नाही, श्रीलंकेचा रुपया नाही. म्हणजे आपला रुपया पडलेला असताना आपल्यासारखी माणसं ज्या देशांचा विचार करतात, नेमक्या त्यांतल्या बहुतेकांची चलनं नाहीत. लंडनला जाणाऱ्याला बदलाचा खर्च एकदाच. व्हिएतनामातल्या होई आनला जाणाऱ्याला दोनदा, आणि दुसऱ्या वेळी साडेतीन टक्के.

ठाणेकरांना टोल समजावायची गरज नाही. मुलुंड-ऐरोलीचा टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, पण भरत होतो तेव्हा निदान नाका दिसायचा, पावती मिळायची. इथे पहिला नाका घोडबंदर रोडवर, रुपयाचा डॉलर होताना. दुसरा हनोईत, डॉलरचा डाँग होताना. आणि त्या दुसऱ्याची पावती नाही. अॅपमध्ये साडेतीन टक्के वेगळे दाखवतच नाहीत, ते दरातच कालवलेले असतात.

मला ते जेवणाच्या बिलावरून कळलं. पाच जणांचं ५,२०,००० डाँग. त्या दिवशी डॉलरला साधारण २५,९५० डाँग, म्हणजे २० डॉलर आणि चार सेंट व्हायला हवेत. अॅपमध्ये २०.७४. सत्तर सेंट, म्हणजे साठ रुपये. नवरा म्हणाला, साठ रुपयांसाठी सुट्टीत कॅल्क्युलेटर काढतेस? काढते. कारण हे साठ रुपये प्रत्येक बिलात आहेत, हा-लाँगच्या खाडीतल्या बोटीत आहेत, दा नांगच्या हॉटेलात आहेत, आणि ते कुणी मागितले नाहीत की सांगितले नाहीत.

एटीएम तर विचारूच नका. तिथली बहुतेक मशिन्स एका वेळी २० ते ५० लाख डाँग देतात. ऐकायला लाखांत, पण २० लाख डाँग म्हणजे ७७ डॉलर. त्यावर साडेतीन टक्के, माझ्या बँकेचे दोन डॉलर, त्या मशीनवाल्या बँकेचे पन्नास हजार डाँग. पावणेसात हजार रुपये हातात यायला पावणेसहाशे रुपये खर्च. त्यानंतर मी मशीनकडे फिरकले नाही.

आणि होई आनच्या हॉटेलात तिसरा नाका भेटला. रिसेप्शनवरच्या मुलीने मशीन माझ्यासमोर धरलं, स्क्रीनवर दोन पर्याय: रुपये किंवा डाँग. रुपयांचा आकडा मोठा आणि ओळखीचा. तो बघून आपल्याला बरं वाटतं, तीच मेख आहे. रुपये निवडले की डाँगचे रुपये त्या मशीनवाल्यांच्या दराने होतात. आणि माझ्या कार्डावर तर रुपये नाहीतच, डॉलर आहेत. म्हणजे ते रुपये पुन्हा माझ्या बँकेच्या दराने डॉलर होणार, पुन्हा साडेतीन टक्के. घरून रुपया निघाला, डॉलर झाला, आणि एका बिलासाठी डाँगवरून रुपयात येऊन परत डॉलरकडे. मी डाँगवर बोट ठेवलं. मुलीने हसून मान डोलावली, तिचं यात काही नव्हतं. एवढं एक लक्षात ठेवा: परदेशात मशीनने रुपये विचारले तर नको म्हणायचं, कार्ड कुठलंही असो.

आता नोटांचं ऐका. निघायच्या आठवड्यात नवऱ्याने स्टेशनजवळच्या परवानाधारक मनी चेंजरकडून शंभर-शंभरच्या कोऱ्या डॉलर नोटा ८६.३० ने आणल्या होत्या, अडीअडचणीला म्हणून. हनोईत बँकेत एका डॉलरला २५,९०० डाँग मिळाले. एका रुपयाला बरोबर ३०० डाँग. कार्डावर तोच रुपया २८३ डाँगवर येत होता. थोडा वाटा माझ्या फेब्रुवारीच्या दराचा, मोठा वाटा त्या दुसऱ्या नाक्याचा. ज्या कार्डाला 'प्रवासातला स्वस्त आणि सुरक्षित पर्याय' म्हणून विकलं, ते साध्या कागदी नोटांपुढे हरलं.

नोटांची काळजी मात्र घ्यावी लागते. शंभराच्या नोटेला दर चांगला, वीस-दहाच्या नोटांना कमी, आणि घडी पडलेली किंवा शाई लागलेली नोट हातात उलटसुलट करून परत देतात. डाँग घेतल्यावर वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, दोन्ही निळसर आहेत. एक सत्तर रुपयांची, दुसरी सोळाशेहून जास्तीची. आमच्या खजिनदार सासूबाई होत्या. मंडईत पन्नास वर्षं घासाघीस केलेल्या बाईंनी होई आनच्या बाजारात भाषा येत नसताना कंदिलांचा भाव निम्म्यावर आणला, त्यामुळे रोख त्यांच्याकडेच राहिली. कार्ड माझ्या पर्समध्ये पडून.

म्हणूनच परत आलो तेव्हा कार्डात ३१० डॉलर उरले होते. इथून दुसरं प्रकरण सुरू होतं.

अॅपमध्ये रिफंडचं बटण आहे. दाबलं की शाखेत जा असं येतं. शाखेत गेलं की अॅपमधून होतं म्हणतात. बटण दाखवल्यावर फॉर्म मिळाला. फॉर्म भरल्यावर पासपोर्टची झेरॉक्स. आणि मग हा संवाद:

"मॅडम, पासपोर्टवर व्हिसा दिसत नाहीये."

"ई-व्हिसा आहे, कागदावर मिळतो. हा घ्या. आणि हे त्यांचे येण्याजाण्याचे शिक्के."

"हो, पण सिस्टीमला व्हिसा पेज लागतं."

"त्या देशाचा ई-व्हिसा पासपोर्टवर चिकटवतच नाहीत हो."

"मी वर विचारून सांगते."

वर कोण राहतं ते मला अजून कळलेलं नाही. जून गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. नोव्हेंबरात मेसेज आला की कार्ड वापरलं नाही म्हणून पाच डॉलर कापले आहेत. पैसे परत द्यायचे नाहीत आणि न वापरल्याचा दंडही घ्यायचा!

त्या रात्री मेल लिहिली. शाखेला नाही, बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. तारखा, फॉर्मची पोच, ई-व्हिसाची प्रत. शेवटी एवढंच, की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार नोंदवणार आहे. ही योजना २०२१ पासून आहे, तक्रार ऑनलाइन होते, वकील लागत नाही, फी नाही. फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, म्हणून शाखेत तोंडी भांडण्यात अर्थ नाही, मेल करा. आमचं प्रकरण लोकपालापर्यंत गेलंच नाही. शब्द वाचूनच काम झालं. व्हिसा पेज अचानक लागेनासं झालं, पाच डॉलरही परत आले.

आणि इथे माझं मत जरा डळमळलं. ३ डिसेंबरला डॉलरने नव्वदी ओलांडली. माझे ३१० डॉलर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ८८.७० च्या दराने परत घेतले गेले: २७,४९७ रुपये. मला ते पडले होते २७,४०४ ला. नफा ९३ रुपये, त्यातून रूपांतराचा जीएसटी ५० रुपये, हातात ४३. तेवढ्यात मामलेदारची मिसळही येत नाही. पण हेच पैसे त्यांनी जूनमध्ये मुकाट्याने दिले असते तर दर ८४.४० च्या आसपास होता. तेराशे रुपये कमी आले असते. बँकेच्या आडमुठेपणाने मला तेराशे रुपये मिळवून दिले. नवरा म्हणाला, त्या काउंटरवरच्या मुलीला पेढे दे.

दोन दिवस मलाही वाटलं की कार्ड वाईट नव्हतं. मग लक्षात आलं, की ते ३१० डॉलर नोटा म्हणून कपाटात असते तरी एवढेच वाढले असते, आणि झेरॉक्स कुणी मागितली नसती. परत आल्यावर दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा घरी ठेवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. तेव्हा मत पुन्हा जागेवर.

कुणी घ्यावं? ज्याच्या देशाचं चलन कार्डाच्या यादीत आहे त्याने. सिंगापूरला जाताय तर सिंगापूरचे डॉलर भरा, अमेरिकेचे नाही. व्हिएतनाम, मलेशिया, बालीसाठी नको. थोड्या नोटा आणि विनामार्कअपचं, म्हणजे चलन बदलताना ते साडेतीन टक्के न लावणारं, एखादं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड बरं. आणि देश ठरवताना नुसतं डॉलरकडे बघू नका. रुपया डॉलरपुढे पडला म्हणून सगळ्यांपुढे सारखाच पडतो असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला अडीच रुपयांचा असलेला थायलंडचा बाट वर्षाअखेर पावणेतीनच्या वर गेला. तिथे तेव्हा व्हिसा लागत नव्हता म्हणून सगळे धावत होते, पण तेच हॉटेल दहा टक्क्यांहून महाग झालं. डाँग मात्र डॉलरपुढे आपल्यासारखाच घसरत होता, त्यामुळे व्हिएतनाम आपल्याला फारसं महागलं नाही.

यंदाच्या मेसाठी नेपाळ ठरतंय. तिथला रुपया १९९३ पासून आपल्याशी १.६० ला बांधलेला आहे. डॉलर नव्वद होवो नाहीतर शंभर, काठमांडूत आपल्या शंभराचे एकशे साठच. नाका नाही. सासूबाईंना पशुपतिनाथ, आम्हाला पोखरा. मुलगी नाराज आहे, पासपोर्ट लागत नाही त्याला परदेश काय म्हणायचं, असं तिचं म्हणणं. तिला मी युरोचा आजचा भाव दाखवला, शंभरच्या वर.

गुण द्यायचेच तर सिंगापूर-दुबईसाठी पाचपैकी चार, व्हिएतनामसाठी दीड. तो दीडही ग्रॅबसाठी. रात्री अकरा वाजता, मुलगा खांद्यावर झोपलेला असताना रस्त्यात उभं राहून सुट्टे डाँग मोजावे लागले नाहीत.