फेअरमाउंटच्या जुन्या डॉल्या आणि हातोड्या: एका संचाचे परीक्षण

गाडीचा पोचलेला पत्रा हाताने सरळ करण्याची जुनी हत्यारे मी काही वर्षांपासून जमवतो आहे. अलीकडेच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दोन हातोड्या, तीन डॉल्या (ठोकताना पत्र्यामागे धरायचे ठोकळे), एक चमचा (पत्रा दाबायचे चपटे, लांबट पोलादी हत्यार) आणि वक्र दात्यांची एक कानस असा संच घेतला. हातोड्यांवर आणि दोन डॉल्यांवर ओहायोतील क्लीव्हलँडच्या फेअरमाउंट कंपनीचा ठसा आहे, बाकीच्यांवर काहीच नाही. ठशामुळे भाव चढतो हे खरे. परंतु या हत्यारांत आधी पाहावे ते तोंड, नाव नंतर.

मोठ्या हातोडीचे गोल तोंड वरवर सपाट वाटते. पोलादी पट्टी त्यावर उभी धरून उजेडासमोर नेली, की पट्टी मध्यभागी टेकते आणि दोन्ही कडांना केसाएवढी फट दिसते. हा फुगीरपणा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण तो नसेल तर तोंडाची कड पत्र्यात रुतते आणि प्रत्येक घावाची चंद्रकोर उमटते, जी काढण्यात मूळ पोच्यापेक्षा अधिक वेळ जातो. माझ्या हातोडीत तो शाबूत आहे. आधीच्या मालकाने तिने खिळे ठोकले नसावेत. दांडा मात्र डोक्यापाशी खुळखुळत होता, तो नवी पाचर मारून घट्ट केला.

डॉली मुठीत मावते आणि घडीव पोलादाची असते. हातोडी नेमकी डॉलीवर पडली, तर मधला पत्रा दाबला जाऊन पातळ होतो आणि पसरतो. उलट डॉली खड्ड्यामागे दाबून धरली आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर हलकेच मारली, तर पत्रा फारसा न ताणता उंचवटा बसतो आणि खड्डा वर येतो. पहिल्या घावाचा आवाज खणखणीत, दुसऱ्याचा बोदा. कान तयार झाला की डोळ्यांआधी तोच सांगतो. ही हत्यारे जाड पत्र्याच्या काळातली असल्याने, आजच्या सुमारे ०.७ मिलिमीटर पत्र्यावर जोर आवरावाच लागतो, नाहीतर ताणलेला भाग डब्याच्या झाकणासारखा दाबला की आत, सोडला की बाहेर होतो.

तिसऱ्या डॉलीबाबत माझी तक्रार आहे. छायाचित्रात ती आरशासारखी चमकत होती. हातात आल्यावर नखाने चाचपले, तेव्हा वक्र पृष्ठावर ग्राइंडरने पाडलेले लहान लहान सपाट पट्टे जाणवले. असा प्रत्येक पट्टा पत्र्यावर जसाच्या तसा छापला जातो. विक्रेत्याने उत्तर दिले की चकाकी नसली तर गिऱ्हाईक फिरकत नाही. गंज रॉकेल आणि बारीक पॉलिशपेपरने निघाला असता. गेलेला वक्र हाताने पुन्हा आणणे फार जिकिरीचे आहे.

कानशीने मात्र ही कसर भरून काढली. तिच्या दात्यांत करड्या, मऊ धातूचे कण अजून अडकलेले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर प्लास्टिकची लांबी (पुट्टी) रूढ होण्यापूर्वी उरलेला खड्डा शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने भरत, आणि त्यावर हीच कानस चालवीत. ७० टक्के शिसे व ३० टक्के कथील हे मिश्रण सुमारे १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि २५५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. मधल्या टप्प्यात ते लोण्यासारखे असल्याने लाकडी थापीने पसरवता येते. दाते साफ करताना शिशाची धूळ उडू नये म्हणून मी ते तेल लावून, हातमोजे घालून, ब्रशने साफ केले.

पत्र्यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्याने असा संच जरूर घ्यावा, मात्र पैसे देण्यापूर्वी प्रत्येक तोंडाचे तिरप्या उजेडातले छायाचित्र मागून घ्यावे. ग्राइंडर लागलेली ती डॉली मी चमचा वाकला की सरळ करण्यासाठी ठेवली आहे.