प्राण्यांच्या जागतिक नकाशाचे पझल : चित्रे उत्तम, पण नावे समजून घेऊनच जोडावीत

यंदा जुलै महिन्यात लीड्सची नात आणि टोरांटोचा नातू एकाच वेळी पुण्यात येणार असल्यामुळे दोघांना मिळून खेळता येईल असे काहीतरी मी शोधत होते, आणि त्या शोधात प्राण्यांच्या जागतिक नकाशाचे हे २०० तुकड्यांचे पझल ऑनलाइन मागवले. पुठ्ठा जाड आहे, तुकडे एकमेकांत घट्ट बसतात आणि सात-आठ वेळा मोडून जोडल्यानंतरही एकाही तुकड्याची कड सुटलेली नाही. चित्रे फार मन लावून काढलेली आहेत; बर्फावर पाय टेकताना रेनडियरचे खूर कसे फाकतात हेसुद्धा चित्रकाराने दाखवले आहे. त्यामुळे माझे पुढचे म्हणणे चित्रांबद्दल नसून त्यांच्याखाली छापलेल्या इंग्रजी नावांबद्दल आहे.

पहिल्याच संध्याकाळी नातीने ‘एल्क’ असे छापलेला तुकडा स्वीडनच्या जागी बसवला. नातू लगेच म्हणाला, “आजी, हा तर मूस आहे! एल्क आमच्याकडे रॉकी पर्वतात असतो, आणि तो असा दिसतच नाही.” मग त्याने ‘एल्क’ असेच छापलेला दुसरा तुकडा शोधून दाखवला आणि त्यावर खरोखरच वेगळे हरिण होते. दोघांचेही म्हणणे बरोबर होते. सुपासारख्या पसरट शिंगांचा आणि लोंबत्या ओठाचा हा हरणांमधला सर्वांत मोठा प्राणी ब्रिटनमध्ये एल्क म्हणून ओळखला जातो आणि कॅनडात मूस म्हणून. मूस हा शब्द अमेरिकेच्या ईशान्य भागातील मूलनिवासींच्या अल्गॉन्क्वियन भाषांमधून इंग्रजीत आला. ब्रिटनच्या बेटांवरून हा प्राणी काही हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झालेला असल्यामुळे, सतराव्या शतकात अमेरिकेत जाऊन वसलेल्या इंग्रजांना एल्क हा शब्द ठाऊक होता, पण तो प्राणी बहुतेकांनी कधी पाहिलेला नव्हता, आणि ‘मोठे हरिण’ एवढाच त्या शब्दाचा अर्थ त्यांच्या मनात उरला होता. तिकडे त्यांना तांबड्या हरणाच्या कुळातले, फांद्याफांद्यांच्या शिंगांचे एक धिप्पाड हरिण दिसले आणि त्यांनी ते नाव त्यालाच देऊन टाकले. तिकडच्याच शॉनी या मूलनिवासी लोकांच्या भाषेतले त्याचे नाव वापिती; त्याच्या पांढऱ्या पार्श्वभागावरून ते पडले आहे आणि मला ते कितीतरी अधिक नेमके वाटते. श्रीलंकेत तर ब्रिटिश मळेवाले आणि शिकारी आपल्या ओळखीच्या सांबरालाच एल्क म्हणत असत.

या पझलमध्ये मात्र स्वीडनमध्ये एल्क, कॅनडात मूस आणि रॉकी पर्वतात पुन्हा एल्क अशी तीन नावे कोणत्याही खुलाशाशिवाय छापली आहेत. मुलाला त्यावरून स्वीडनचा आणि कॅनडाचा प्राणी वेगळा आहे असे वाटते, आणि जे खरोखर वेगळे आहेत ते एकच वाटतात. रेनडियर आणि कॅरिबू यांचेही तसेच झाले आहे. जात एकच, कॅरिबू हे नाव कॅनडातील मूलनिवासींच्या मिकमॅक भाषेतून फ्रेंचांमार्फत आले आणि बर्फ उकरून चारा शोधण्याच्या त्याच्या सवयीवरून पडले. अँडीजमधला प्युमा आणि अमेरिकेतला माउंटन लायन हेही एकाच जातीचे. खोक्यावर ‘१०० वेगवेगळे प्राणी’ असे छापले आहे, परंतु या तीन जोड्या धरल्या तर ते ९७ भरतात.

मला सर्वांत जास्त खटकला तो आपल्या पश्चिम घाटावरचा तुकडा. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय आणि खांद्यावरचा उंचवटा असलेला देखणा गवा तिथे काढला आहे आणि खाली लिहिले आहे ‘इंडियन बायसन’. त्या उंचवट्यामुळेच ब्रिटिशांना तो अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या केसाळ बायसनसारखा वाटला असावा. आपणही दाजीपूरला अजून बायसन अभयारण्य म्हणतो. परंतु हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि त्या केसाळ बायसनला अमेरिकेतले लोक सर्रास बफेलो म्हणतात. बफेलो म्हटले की आपल्यासमोर गोठ्यातली म्हैस येते, आणि आफ्रिकेतला बफेलो हा तर तिसराच, कधीही माणसाळवला न गेलेला प्राणी आहे.

टर्की मात्र उत्तर अमेरिकेत, म्हणजे त्याच्या मूळ ठिकाणीच दाखवला आहे याचा आनंद वाटला. या पक्ष्याच्या नावाचा प्रवास मुलांना फार आवडला : इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात, डच भाषेतले त्याचे नाव कालिकतवरून आले आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. १६१२ साली मुकर्रबखान या मोगल सरदाराने गोव्याहून असा एक पक्षी जहांगीर बादशहाकडे नेला होता आणि बादशहाच्या दरबारातला चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

यावरचा उपाय निर्मात्यांच्या हातातच होता. सोबतच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर, भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरात, शास्त्रीय नावे दिलेली आहेत. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली प्राण्यांना सातत्याने दोन शब्दी नावे दिल्यापासून हा घोळ टाळण्याची सोय झालेली आहे, आणि त्या यादीत स्वीडनच्या एल्कपुढे व कॅनडाच्या मूसपुढे ‘आल्सेस आल्सेस’ हेच नाव आहे, तर वापितीपुढे ‘सर्व्हस कॅनाडेन्सिस’. हीच नावे तुकड्यांवर छापली असती तर हा संच मी पूर्ण गुणांनी वाखाणला असता. आता पाचपैकी साडेतीन देते. आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी, शेजारी मोठे माणूस बसणार असेल तर, तो जरूर घ्यावा.

तुकड्यांची मागची बाजू कोरी आणि खरखरीत असल्यामुळे तिथे पेन्सिलीने लिहिता येते. आम्ही तिघांनी दोन दुपारी बसून एकेका प्राण्याचे शास्त्रीय नाव आणि त्या त्या देशातले नाव तिथे लिहून काढले. पश्चिम घाटाच्या तुकड्यामागे नातीने स्वतःच्या हाताने देवनागरीत ‘गवा’ लिहिले आहे.