नूतनीकरणानंतरचा आमच्या कोपऱ्यावरचा पब: पाचपैकी अडीच तारे

आधी खाण्यापिण्याचं सांगून टाकतो, बहुतेकांना तेवढंच हवं असतं. बर्गर 15 पौंड 95 पेन्स, चांगला आहे. चिप्स गरम येतात. लागर, म्हणजे फिकट रंगाची बिअर, थंडगार, 6 पौंड 20. संडास पूर्वीच्या मानाने राजवाडा. रविवारी पोराबाळांना घेऊन रोस्ट खायला जायचं असेल तर खुशाल जा, पस्तावणार नाही. पबचं नाव लिहीत नाही. तिथे काम करणारी पोरं मेहनती आहेत, त्यांच्या पोटावर पाय कशाला द्या.

अडीच तारे कापले ते दुसऱ्याच कारणासाठी.

मी मूळचा कराडचा. 2007 पासून इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या डडलीच्या बाजूला बस चालवतो. पहाटेची ड्युटी दुपारी दोनला सुटते. पहिल्या वर्षी बायको अजून गावाकडेच होती, खोलीवर जाऊन करायचं काय? बाहेर नोव्हेंबर, साडेचारला अंधार. त्याच जुलैत आत सिगारेट ओढायला बंदी आली होती, म्हणून पबच्या दारात चार म्हातारे कुडकुडत धूर काढत उभे होते. त्यातल्या एकाने माझा युनिफॉर्म बघितला, दार उघडून धरलं आणि म्हणाला, "आज सव्वानऊची बस आलीच नाही." अशी माझी ओळख झाली, तक्रारीवरून.

तेव्हा आत डाव्या हाताला बार, उजव्या हाताला लाउंज, मधे भिंत. बारमध्ये फरशी, लाउंजमध्ये गालिचा. एकेकाळी तीच बिअर बारमध्ये दोन-चार पेन्सनी स्वस्त मिळायची म्हणे, कारण ती कामाचे बूट घालून येणाऱ्यांची जागा. काउंटरवर काचेच्या झाकणाखाली चीज-कांद्याचे कॉब. म्हणजे गोल पाव, आत चीजचा जाड तुकडा आणि कच्च्या कांद्याच्या चकत्या. कच्चा कांदा बघून मला पहिल्यांदा इंग्लंड बरं वाटलं.

आणि हातपंप. तो दांडा म्हणजे आपल्या गावच्या हापशाचा सख्खा भाऊ, फक्त पाणी नाही, तळघरातल्या पिंपातली माइल्ड बिअर वर येते. काळपट, गोडसर, कमी चढणारी. मालकीणबाई दांडा सावकाश ओढायच्या. एक, दोन, तीन. मग फेस बसेपर्यंत थांबायचं आणि वरून थोडी भर. एका पाइंटला, म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा मोठ्या ग्लासाला, अर्धाएक मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात त्या विचारायच्या, "मुलीची परीक्षा झाली?" आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारचा सांगायचा, "झाली, गणित अवघड गेलं." माझी मुलगी, माझ्याआधी उत्तर त्याच्याकडे! चिडायचो मी. आता वाटतं, पुन्हा एकदा कोणी चिडवावं.

या पिंपाचं एक गणित आहे. नेहमीच्या पिंपात 72 पाइंट. एकदा तोटी ठोकली की तीनेक दिवसांत संपवायचं, नाहीतर बिअर आंबट. म्हणजे रोज येणारी पंचवीसएक माणसं असतील तरच ती चांगली राहते. माणसं कमी झाली की बिअर बिघडते, बिघडली की उरलेली माणसंही लागरकडे वळतात. आमच्याकडे पाचपैकी तीन दांडे असेच गेले. उरलेले दोन नूतनीकरणात गेले.

डॉमिनो, म्हणजे ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ, मला एका सरदारजींनी शिकवला. आयुष्य फाउंड्रीत गेलेलं, निवृत्त झालेले. खेळाचं नाव 'फाइव्ह्ज अँड थ्रीज'. दोन्ही टोकांच्या ठिपक्यांची बेरीज पाचने नाहीतर तीनने भागली गेली पाहिजे, पंधरा झाली की आठ गुण. गुण कागदावर नाही, भोकं पाडलेल्या फळीवर काडी सरकवून. सोंगटी लावता आली नाही तर बोलायचं नाही, टेबलावर बोटांनी ठकठक करायची. दुपारभर ती ठकठक ऐकू यायची.

सरदारजींसमोर "जुने पब किती छान" असं म्हटलं की ते हसायचे. त्यांचे वडील 1960 च्या सुमारास डडलीजवळच्या स्मेदिकला आले, तेव्हा तिथल्या कित्येक पबांत काळ्या-सावळ्यांना लाउंजमध्ये बसू देत नसत. असा भेद बेकायदा ठरायला 1965 उजाडलं. पुढे त्याच भागात पंजाब्यांनी पब चालवायला घेतले, माइल्डबरोबर मिक्स ग्रिल, म्हणजे भाजलेल्या मांसाचं ताट, आलं, आणि एकाच काउंटरवर फाउंड्रीतले गोरे आणि सरदार उभे राहिले. तेव्हा पब सगळ्यांचा होता हे खरं नाही, झगडून झाला.

मालकीणबाई म्हणजे खरं तर भाडेकरू. 1989 मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअरींच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या, हातातले पब कमी करायला नियम केला, ब्रुअरींनी पब विकले, ते पब-कंपन्यांच्या पदरात पडले. भाडं कंपनीचं, आणि बिअरही कंपनीकडूनच, कंपनीच्या भावाने. बाहेर सुपरमार्केटात डबे निम्म्याहून कमी किमतीला. भाडं वाढायची वेळ आली तेव्हा बाईंनी चाव्या दिल्या. निरोपाच्या दिवशी कॉब फुकट होते. कांदा तेवढा त्या दिवशी बारीक कापलेला होता, का कोण जाणे.

आता नवं. भिंत पाडली, एकच मोठं दालन. काउंटर लांबलचक, तांब्याचा पत्रा मारलेलं, देखणं. पण त्याच्यापुढे स्टूल नाहीत आणि उभं राहिलं की पोरगी नम्रपणे सांगते, टेबलावरचा कोड स्कॅन करा, आम्ही आणून देतो. मी तीनदा गेलो. एकट्याला दोघांचं टेबल मिळतं. तीन खेपांत एकच माणूस माझ्याशी बोलला: "ही खुर्ची घेऊ का?" घेऊन गेला.

काउंटरला उभा असलेला एकटा माणूस एकटा दिसत नाही, पाइंटची वाट बघणारा दिसतो. टेबलावरचा एकटा माणूस नुसता एकटा. एवढी साधी गोष्ट हे सगळं आखणाऱ्याला कोणी सांगितली नाही.

आमच्यापासून जवळच हिमली गावात क्रुकेड हाउस नावाचा पब होता. खाणींमुळे जमीन खचून इतका वाकलेला की आत गोटी चढावर चढताना दिसायची. 5 ऑगस्ट 2023 ला तो जळला आणि दोन दिवसांत विनापरवाना पाडला. बघायला आमच्या डेपोतले निम्मे लोक गेले होते. पुढच्या फेब्रुवारीत तो पुन्हा बांधायचा हुकूम कौन्सिलने काढला. लंडनचा कार्लटन टॅव्हर्न हा पब 2015 मध्ये असाच पाडलेला, तो तर पुन्हा बांधून 2021 मध्ये उघडलाही. 2017 पासून इंग्लंडात पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला परवानगी लागते, हे उत्तमच. पण आमच्या पबची बाहेरची एक वीट हललेली नाही. रंगीत काचाही जागच्या जागी आहेत. कायद्याच्या दृष्टीने काही झालेलंच नाही, कालही पब होता, आजही पब आहे.

जुनी मांडणी बघायची असेल तर ब्रायर्ली हिलला बॅथमच्या ब्रुअरीशेजारचा व्हाइन हा पब गाठा. लोक त्याला बुल अँड ब्लॅडर म्हणतात. मला घरापासून दोन बस बदलाव्या लागतात, आणि माझ्या पायांना ड्युटीनंतर पुन्हा बसमध्ये चढायची हौस नाही.

आमच्या पबला जाणार असाल तर: मागे गाडी लावायला जागा आहे, कुत्रा चालतो, रोख पैसे घेत नाहीत. सोमवारी बंद. डॉमिनोची लीग सोमवारी असायची.