विलीस जीप: मूळ गिअरबॉक्स की महिंद्राचा?

१९४१ ते १९४५ मधली विलीस एमबी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी जीप हाती लागली, की सगळे आधी रंगाच्या मागे लागतात. मला विचाराल तर आधी गिअरबॉक्स उघडा.

तिचा मूळ गिअरबॉक्स टी-८४ तीन गिअरचा आणि तब्येतीने नाजूक. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो (गिअर पडताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा) आहे, पहिल्याला नाही. म्हणून पहिला टाकायला गाडी थांबवा नाहीतर डबल क्लच मारा, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबा. सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या कोनवर (निमुळत्या भागावर) दाबून फिरवून बघा. धरली तर ठीक, सरकली तर गेली. सातपुड्यात पाल गावाकडच्या उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटत असेल, तर मात्र संशय स्लीव्हच्या (गिअर टाकताना सरकणाऱ्या कड्याच्या) दातांवर आणि शाफ्टच्या ढिलाईवर घ्या. सुटे भाग बहुतेक परदेशातून मागवावे लागतात, खिशाला चांगलीच चाट बसते.

जुन्या महिंद्रा जीपमधला टी-९० सुद्धा तीन गिअरचाच, पहिला बिनसिंक्रोचा, पण दणकट. या जीपा आपल्याकडे शेतापासून काळी-पिवळीपर्यंत राबल्या, त्यामुळे हात बसलेला मिस्त्री जळगाव-धुळ्यात मिळतो. मागे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी स्पायसर १८ ट्रान्सफर केस दोन्हींना. पण ‘बसवला की झालं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बेल हाउसिंगपासून (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचापासून) सगळी जुळणी तपासावी लागते.

प्रदर्शनाची गाडी असेल तर टी-८४च. पावसाळ्यात काळ्या मातीतून केळीच्या मळ्यापर्यंत न्यायची असेल, तर बिनधास्त टी-९० टाका आणि मूळ बॉक्स ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून जपून ठेवा. भंगारात मात्र घालू नका.