कॉलेजचं ग्रीन ऑडिट, पाचपैकी दोन स्टार

पोरीच्या ॲडमिशनले तालुक्याच्या कॉलेजात गेलो तं गेटवरच 'हरित परिसर'चा भला मोठा फ्लेक्स, तोही प्लास्टिकचा. नॅकवाले, म्हंजे कॉलेजचा दर्जा तपासणारी संस्था, ग्रीन ऑडिट (परिसर किती पर्यावरणपूरक हाय त्याची तपासणी), एनर्जी ऑडिट (विजेच्या वापराची तपासणी), पावसाचं पाणी, कचरा सगळंच विचारतात म्हणून फाईल एकदम चकाचक. पण रेनवॉटरचा पाईप पाहाले मागं गेलो तं तो पाणी जिरवायच्या खड्ड्याच्या हातभर अलीकडंच संपलेला, खाली नुसतं शेवाळ. झाडं किती लावली ते फाईलीत हाय, उन्हाळ्यात जगली किती ते कोण मोजते नं बाप्पा! सोलर मात्र खरंच चालू हाय, सुट्टीत जादा वीज लाईनीत परत जाते असं प्यूनदादा सांगत होते. एक स्टार त्याचा, दुसरा जुन्या कडुनिंबाचा, तिथंच बसून फॉर्म भरला.