सुमो ट्रॅफिक सॉफ्टवेअर: तालुक्याच्या चौकावर वापरून पाहिलं, जमते!

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा सीझन लागला का तालुक्याच्या बसस्टँडजवळचा चौक जाम झालाच समजा. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलबंड्या, त्यातच एसटी वळून राहिली अन् ऑटोवाले मधातच उभे. सगळे म्हणतात सिग्नल बसवा. बसवल्यानं फरक पडन का हे आधी कॉम्प्युटरवर पाहावं म्हणून सुमो टाकलं, म्हणजे रस्त्यावरच्या वाहतुकीची नक्कल कॉम्प्युटरवर चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर. जर्मनीच्या डीएलआर या अवकाश अन् वाहतूक संशोधन संस्थेनं बनवलेलं, फुकट, सोर्स कोडही खुला. एवढ्याशा चौकासाठी भारी मशीन लागत नाही, साध्या लॅपटॉपवर चालते.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या फुकट ऑनलाइन नकाशावरून सरळ उचलता येते, फक्त डाव्या बाजूनं वाहतूक हा पर्याय टिक करा.

मले यातलं सगळ्यात आवडलं ते हे की प्रत्येक गाडी वेगळी धरते. इंजिनिअरिंगला आपण पीसीयू शिकतो, म्हणजे एक गाडी किती कारएवढी धरायची तो आकडा. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे नियम ठरवणारी संस्था) 1990 च्या ग्रामीण रस्त्यांच्या कोडात कार 1, मोटरसायकल 0.5, ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5 अन् बैलबंडी 8, मग सगळ्याची बेरीज करून वेबस्टरच्या 1958 च्या फॉर्म्युल्यात टाकली का सिग्नलची सायकल, म्हणजे लाल-हिरव्याच्या एका पूर्ण फेऱ्याचा वेळ, निघते. पण 8 कार हिरवा लागला का एकामागं एक निघून जातात, बंडी मात्र चौक पार होईपर्यंत मागच्या सगळ्यांना धरून ठेवते, ते त्या 8 च्या आकड्यात कुठं दिसते? सुमोत मागची गाडी दर सेकंदाला पुढच्या गाडीचं अंतर अन् स्पीड पाहून आपला स्पीड ठरवते. बंडीचा वेगळा प्रकार बनवला, टॉप स्पीड सेकंदाला 1 मीटर दिला, अन् तिच्यामागं लाईन कशी वाढत जाते ते स्क्रीनवर दिसलं.

आता सेटिंग. जसंच्या तसं चालवलं तर एका लेनमध्ये गाड्या एकामागं एकच राहतात, आपल्याकडच्यासारखी बाईक बाजूनं घुसत नाही. त्यासाठी सबलेन मॉडेल चालू करा, ते एका लेनचे बारीक पट्टे पाडते. लॅटरल रिझोल्युशन, म्हणजे त्या पट्ट्याची रुंदी, 0.8 मीटर ठेवलं तर जमते.

अन् टेलिपोर्ट नक्की बंद करा! एखादी गाडी 300 सेकंद अडकून राहिली तर सॉफ्टवेअर तिला उचलून पुढं नेऊन ठेवते, म्हणजे जाम आपोआप सुटल्यासारखा दिसते. आमच्या चौकात पाच मिनिटं अडकणं रोजचंच आहे, तेवढ्यात उचलली तर खरा जाम दिसनच कसा. ती व्हॅल्यू उणे 1 केली का गाड्या जागच्या जागी राहतात, मग रांग पार जिनिंगच्या गेटपर्यंत गेलेली दिसते.

आमच्या मॉडेलात नुसत्या सिग्नलनं रांग फारशी कमी झाली नाही, ऑटो अन् एसटीचा थांबा चौकापासून पुढं सरकवला तेव्हा मोकळं झालं. पण हे तुमच्या गावाला लागू होईलच असं नाही. बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून गाड्या मोजा, कोणती कुठून आली अन् कुठं वळली ते लिहा, त्याशिवाय यात टाकायला काहीच नाही. मॅन्युअल इंग्रजीत आहे अन् लांबलचक आहे, पण उदाहरणं भरपूर आहेत, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असन तर सिग्नल आपल्या हिशोबानं बदलवता येते. पॉलिटेक्निकच्या सिव्हिलच्या पोट्ट्यांनी प्रोजेक्टला हेच घ्यावं, अन् नगर परिषदेनं सिग्नलचं टेंडर काढायच्या आधी त्यांच्याकडून चौक चालवून पाहावा. माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार, एक कापला तो मराठीत काहीच माहिती नाही म्हणून.